शिक्षण परिषदेतलं गणित-विज्ञान: एका केंद्राबरोबरचं वर्ष

एप्रिल २०२४ मध्ये पहिला अर्ज टाईप केला आणि एप्रिल २०२५ मध्ये शेवटचा अहवाल देऊन मोकळे झालो. मधल्या वर्षात आम्ही चौघांनी पालघर जिल्ह्यातल्या एका केंद्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांबरोबर गणित आणि विज्ञान शिकवण्याचं काम केलं. हल्ली निरोप येतात, "आमच्या गावाकडच्या शाळांसाठी आम्हालाही काही करायचंय, सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. तालुक्याचं, शाळांचं, माणसांचं नाव घेत नाही. कुणाला विचारलेलं नाही, आणि पुढे थोडी कुरकुरही आहे.

आम्ही म्हणजे कोण, तर मी माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दुसरे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, ज्यांना सोल्डरिंगची हौस आहे. तिसरी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली त्यांची भाची, आणि चौथे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मला विज्ञान येत नाही, हिशेब मी ठेवतो." अशा कामात हा चौथा माणूस लागतोच. आमची संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. त्याचे फायदे-तोटे पुढे येतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तालुक्यातल्या दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, ती शिक्षण परिषद. आम्हाला कुणीतरी आधी सुचवलं होतं की शिक्षकांसाठी तीन दिवसांची निवासी कार्यशाळा घ्या. पण बहुतेक शाळा दोनशिक्षकी. एक शिक्षक तीन दिवस बाहेर गेला की दुसऱ्यानं पहिली ते चौथी, खिचडी आणि ऑनलाइन माहिती हे सगळं एकट्यानं ओढायचं. त्यापेक्षा शिक्षक जिथे एरवी येतातच, तिथे आपण जायचं. शिक्षण परिषदेतला तासभर मागायचा. हा सल्ला केंद्रप्रमुखांचाच, आणि वर्षभरात मिळालेला सर्वांत कामाचा.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे दिला. त्यांच्या कार्यालयातून उत्तर मिळालं की बाहेरच्या व्यक्तींना परवानगी जिल्ह्याहून लागेल, म्हणून तोच अर्ज पालघरला प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, प्रत डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता चालू होती. जिल्ह्यात मतदान २० मेला. टेबलावरच्या गृहस्थांनी अगदी सौजन्यानं सांगितलं, "जूनशिवाय काही हलणार नाही, चहा घ्या." चहा घेतला. आचारसंहिता उठल्यावर पुन्हा गेलो तर फाईल सापडेना. आमच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का होता म्हणून ती सापडली. अर्ज कुठेही द्या, आपल्या प्रतीवर क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. दुसरी गोष्ट, अर्जात "प्रशिक्षण" हा शब्द घालू नका. त्या शब्दाबरोबर अंदाजपत्रक, भत्ता, जिल्हास्तरीय मान्यता असं सगळं मागे येतं. आम्ही "शिक्षण परिषदेत विनामोबदला शैक्षणिक सहाय्य" असं लिहिलं. पत्र जूनच्या अखेरीस हातात पडलं.

केंद्राच्या हद्दीत आदिवासी विकास विभागाची एक आश्रमशाळाही आहे. ती जिल्हा परिषदेत येत नाही, तिच्यासाठी प्रकल्प कार्यालयाची वेगळी परवानगी. ती वर्षभरात आली नाही. तिथले दोन शिक्षक किरकोळ रजा टाकून आमच्या तासांना यायचे, आणि पाठीमागच्या बाकावर बसून सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचे.

जुलैत आम्ही काहीही न शिकवता शाळा बघितल्या. विरारहून पहाटेची डहाणू लोकल, मग शेअर जीप, आणि शेवटचा तुकडा पावसात चालत. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस असल्यामुळे वर्ग निम्मे रिकामे. मुलं शेतावर किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. जी होती त्यांच्या घरच्या भाषा मोजल्या तर एकाच खोलीत वारली, कोकणा, कातकरी, एखादं गुजराती बोलणारं, आणि बोईसरच्या कारखान्यांमुळे अलीकडे आलेली हिंदी-भोजपुरीवाली. वर एकाच फळ्यावर दोन इयत्ता. बाहेरून आलेल्या माणसाला "विविधता" हा शब्द फार गोड वाटतो. गुरुजींच्या दृष्टीनं ती सकाळी अकरा वाजता सोडवायची अडचण असते.

त्या फेरीत एका बाईंनी मला जे सांगितलं त्यावर आमचा पुढचा सगळा आराखडा उभा राहिला. त्या म्हणाल्या, "मॅडम, जे काही सांगाल ते सोमवारी वर्गात चालेल असं सांगा. नवीन उपक्रम नको. उपक्रमांच्या फायली ठेवायला कपाटात जागा उरलेली नाही." आम्ही ठरवून टाकलं: वेगळा अभ्यासक्रम नाही, वेगळी नोंदवही नाही. त्या महिन्यात बालभारतीच्या पुस्तकात जो पाठ येतो त्यालाच हात घालायचा, आणि मुलांच्या हाताखालून आधीच गेलेली एखादी वस्तू त्याच्याशी जोडायची. तुम्ही हे काम करणार असाल तर माझा सगळ्यांत आग्रहाचा मुद्दा हाच. पुस्तक कितीही नावडतं असलं तरी त्याला चिकटून राहा. शिक्षकाला तपासणीत पुस्तकाबद्दल विचारतात, तुमच्या खेळण्यांबद्दल नाही.

पहिला तास जुलैच्या शेवटी मिळाला. मिळाला म्हणजे, सूचना, पोषण आहाराच्या नोंदी, आधार अद्ययावत करणं आणि पायाभूत चाचणीचा विषय झाल्यावर जेवणाआधीची चाळीस मिनिटं. तीसेक शिक्षक, भुकेलेले. विषय ठेवला होता मिठाच्या पाण्यातलं भाताचं बियाणं.

कोकणात भात पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यातून काढतात. शिफारस तीन टक्के द्रावणाची, म्हणजे १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाला बसलेलं बियाणं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. या एका बादलीत सहावी-सातवीची शेकडेवारी आहे, घनता आहे, द्रावण आहे, अंकुरणाची नोंद आहे. कितीतरी मुलांनी घरी हे बघितलेलं असतं. आम्ही वर्गासाठी माप लहान केलं, १ लिटरला ३० ग्रॅम. आता ३० ग्रॅम मोजायचं कशानं? शाळेत तराजू नव्हता. हँगर, सुतळी आणि दोन झाकणं घेऊन तराजू बनवला आणि वजनं म्हणून नाणी वापरली. २०११ च्या मालिकेतलं पिवळसर पाच रुपयांचं नाणं बरोबर ६ ग्रॅमचं असतं. पाच नाणी, ३० ग्रॅम. (२०१९ च्या मालिकेतलं पाचचं नाणं त्याहून जड आहे, ते मिसळू नका, सालं बघून नाणी वेगळी काढणं हा मुलांसाठी वेगळाच उद्योग होतो.)

शिक्षकांचे चार-पाच गट केले. बघता बघता एक चित्र तयार झालं: हँगर, नाणी, पाणी पुरुष शिक्षकांच्या हातात, आणि वही-पेन बाईंच्या हातात. कुणी ठरवलं नव्हतं. संख्याशास्त्रवाल्या मुलीनं न बोलता फोटो काढला आणि शेवटी मोबाईलवर सगळ्यांना दाखवला. आधी हशा, मग एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "आमच्या वर्गात पण हेच होतं, पोरी नुसत्या लिहितात." त्यांनीच तिथे नियम केला: अर्ध्या वेळानं वही आणि साहित्य यांची अदलाबदल, शिट्टी वाजवून. मुलींना विज्ञानाकडे वळवण्यावर भाषणं मी खूप ऐकली आहेत. या शिट्टीएवढं काम त्यातल्या एकानंही केल्याचं मला आठवत नाही.

तो तास संपला तेव्हा साडेतीन वाजले होते, कारण जेवणानंतर लोक स्वतःहून परत बसले. एका बाईंनी टोला मारलाच, "पेरणी होऊन गेली मॅडम, आता काय उपयोग?" खरं होतं. पण पाठ पुस्तकात पुढे होता, आणि बियाणं कणगीत शिल्लक होतं.

ऑगस्टमध्ये कागदाचा आणखी एक फेरा. शाळांतल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल नवा शासन निर्णय आला आणि आम्हा चौघांना पोलीस पडताळणी आणायला सांगितलं. मागणी रास्तच. ऑनलाइन अर्ज, मग ठाण्यातून फोन, मग प्रत्यक्ष जाणं, महिना गेला. तुम्ही हे काम पुढच्या वर्षी करणार असाल तर पडताळणीचा अर्ज आजच करा.

त्या महिन्याचा विषय संख्यावाचन. दुसरी-तिसरीच्या मुलांना "त्रेपन्न" सांगितलं की ती ३५ लिहितात, कारण कानावर तीन आधी पडतो आणि पन्नास नंतर. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर काय गदारोळ झाला होता ते आठवत असेल. विधानसभेपर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. मी तेव्हा माध्यमिकला होते आणि स्टाफरूममध्ये चहा पिता पिता यावर आमच्याकडेही वाद झाले. ज्यांच्या घरी मराठी नाही अशा मुलांच्या वर्गात बसल्यावर तो वाद फारच शहरी वाटायला लागतो. इथल्या शिक्षिका २०१९ च्या आधीपासून "पाच दहा आणि तीन" असंच म्हणत होत्या. त्यांना पुस्तकानं फक्त परवानगी दिली होती.

त्या दिवशी गणितमाळा करायला घेतल्या. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आळीपाळीनं. तयारही मिळते, पण आम्ही मणी घाऊक आणून शिक्षकांनाच ओवायला लावले. एका माळेला साधारण साठ रुपये पडले. ओवता ओवता गप्पा होतात आणि खरं बोलणं त्याच वेळी बाहेर येतं. "वजाबाकीतला हातचा मलाच कधी नीट कळला नाही, नियम पाठ आहे," असं एका तरुण सरांनी सांगितलं. मोठ्या सभेत ते असं कधी बोलले नसते. काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडून दाखवल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, आणि पुढच्या परिषदेत त्यांनीच तो भाग घेतला.

हिंदी बोलणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न लगेच आला. त्यांच्या "तिरपन" मध्येही तीन आधीच. म्हणजे अडचण सारखी, गठ्ठेही सारखे. मुलाला त्याच्या भाषेत मोजू द्यायचं, माळेवर चिमटा लावायला सांगायचा, आणि नाव कुठल्याही भाषेत आलं तरी चिमटा बरोबर जागी असेल तर ते बरोबर धरायचं. हे केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर मान्य केलं, आणि त्यांच्या तोंडून आलं हे महत्त्वाचं होतं. तीच गोष्ट मी सांगितली असती तर ती पाहुण्यांची सूचना झाली असती.

सप्टेंबर आंदोलनात गेला. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याच्या शासन निर्णयावर शिक्षक संतापलेले होते. ज्यांची शाळाच टिकते की नाही अशी धास्ती आहे त्यांच्यापुढे माळा घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यापासून विधानसभेची आचारसंहिता, निवडणुकीची प्रशिक्षणं, मध्ये दिवाळी, २० नोव्हेंबरला मतदान. पाठोपाठ अपार आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला ओळख क्रमांक काढून देण्याची मोहीम. शिक्षकांना शिकवायला वेळ नाही ही तक्रार मी आयुष्यभर ऐकली आणि केलीही, पण दोनशिक्षकी शाळेत तिचा अर्थ वेगळाच असतो. वर्षाचं नियोजन करताना दहातले सहा महिनेच धरा. आम्हाला जेमतेम तेवढेच मिळाले.

डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा वर्गांतली कातकरी मुलं दिसेनाशी झाली होती. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती मे महिन्यात परततात. शाळा त्यांना शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. कागदावर व्यवस्था चांगली आहे. भट्टीजवळच्या शाळेत मूल खरंच पोचतं का, हे मात्र आईबापांच्या उसंतीवर आणि तिथल्या शिक्षकांच्या चिकाटीवर.

त्या परिषदेत वर्षातली सर्वांत अवघड चर्चा झाली. गुणाकाराचा विषय होता. एका सरांनी सुचवलं की विटांच्या थप्प्या घ्याव्यात: एका थरात आडव्या किती, उभ्या किती, थर किती. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, त्यामुळे ही मुलं हजाराचा हिशेब चौथीआधीच बघतात. गणित म्हणून उदाहरण उत्तम. पण एका बाईंचा आवाज चढला. "त्या पोराला वर्गात उभं करून 'तू सांग, तू भट्टीवर असतोस' असं म्हणणार का? बाकीची पोरं आधीच चिडवतात." बराच वेळ दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. शेवटी एवढं ठरलं: थप्पी घ्यायची, पण शाळेच्या कुंपणासाठी आणलेल्या विटांची, आणि प्रश्न सगळ्या वर्गाला. माहीत असलेलं मूल आपणहून पुढे आलं तर येऊ द्यायचं, त्याच्याकडे बोट करायचं नाही. जानेवारीत एका शाळेत मी हा पाठ बघितला. भट्टीवर न गेलेला, आजीकडे ठेवलेला एक मुलगा उठला आणि त्यानं गुरुजींचीच थप्पी मोडून पुन्हा रचली, कारण मधले थर आडवे-उभे आळीपाळीनं लावल्याशिवाय थप्पी कलते. गुरुजींनी विचारलं, मग आता मोजायचं कसं? त्यानं दोन-दोन थरांची जोडी धरून मोजलं.

"घरचं ज्ञान वर्गात आणा" असं म्हणणं सोपं आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी वारली चित्रातले त्रिकोण आणि वर्तुळं सुचतात. आम्हालाही शाळांनी त्याचे तक्ते दाखवले. एक दिवस छान जातो, भिंत सजते. पण मूल घरी जे करतं त्यात मोजणं, अंदाज बांधणं, वाटणी करणं, वजन पेलणं असतं, आणि त्याचा तक्ता होत नाही. या जिल्ह्याला हे नवं नाही म्हणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती, गुरं राखणाऱ्या मुलांची शाळा कुरणावरच. केंद्रातल्या एका निवृत्तीला आलेल्या बाईंनी त्याची आठवण काढली, तेव्हा नव्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नव्हतं.

डिसेंबरमध्येच शिक्षिकांनी एक गोष्ट स्वतः सुरू केली: स्थलांतर करणाऱ्या मुलाला हमी पत्रकाबरोबर कापडी पिशवी. आत गणितमाळा, चिमटे, वही, पेन्सिल आणि त्या इयत्तेच्या दहा-बारा उदाहरणांचा कागद. खर्च पिशवीमागे शंभराच्या आसपास, तो आम्ही उचलला. किती पिशव्या वापरल्या गेल्या ते सांगता येणार नाही. मे महिन्यात काही माळा मण्यांशिवाय परत आल्या, धाकट्या बहिणींच्या गळ्यात मणी होते असं कळलं.

जानेवारीत आम्ही मागे बसलो आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका पुढे आल्या. समावेशित शिक्षणासाठी, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवण्यासाठी तालुक्यात अशी मोजकीच माणसं, आणि प्रत्येकीकडे ढीगभर शाळा. आमच्या केंद्रात तेव्हा चौथीत एक मुलगी होती, तिला फार अंधुक दिसतं. वर्गशिक्षक तिला गणितात "बसू देत" होते, म्हणजे काही देत नव्हते. विशेष शिक्षिकेनं माळ हातात घेतली, दर दहा मण्यांनंतर सुतळीची एक गाठ मारली, पन्नासला दोन गाठी, आणि डोळे मिटून अठ्ठेचाळीसवर बोट नेऊन दाखवलं. मग सगळ्या शिक्षकांना डोळे मिटून करायला लावलं. आलेख कागदासाठी जाड पुठ्ठ्यावर लोकरीचे धागे फेविकॉलनं चिकटवले. टेलर फ्रेमही दाखवली. अंध मुलं तिच्या भोकांत धातूचे छोटे खिळे (टाइप) बसवून अंकगणित करतात. पण त्या म्हणाल्या की या मुलीला थोडं दिसतं, तिला आधी काळं मार्कर आणि मोठ्या चौकटीची वही द्या. जाडी पेनं त्याच दिवशी वाटली. पुढच्या भेटीत बघितलं तर गाठी मारलेल्या माळा पूर्ण केंद्रभर झाल्या होत्या. डोळस मुलंही बोटांनी दशक चाचपत होती, मोजायला एकपासून सुरुवात करत नव्हती.

तुमच्या तालुक्यातल्या विशेष शिक्षिकेला पहिल्याच महिन्यात गाठा. आमच्याकडे त्या जानेवारीत आल्या कारण त्यांचा दौरा तेव्हा होता.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. दर वर्षी निबंध, रांगोळी आणि सी. व्ही. रामन यांचं चित्र असतं. तेही होऊ दे. आम्ही काड्यापेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नेले. ही कल्पना अरविंद गुप्ता यांची, सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांनी ती काढली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो, त्यात तिरपी काडी घातली की घट्ट. व्हॉल्व्ह ट्यूब आता सहज मिळत नाही, दोन दुकानं फिरून जुन्या सायकलवाल्याकडे मिळाली, तीही त्यानं "आता कोण घेतं" म्हणत वजनावर दिली. सहावीतली एक मुलगी त्रिकोण हातात फिरवत म्हणाली, "ही आमच्या घराची कैची." छपराच्या कैचीत त्रिकोणच असतात हे तिनं सांगितलं; आमच्या तारापूरवाल्यांनी मग तिला विचारलं, तिरपा दांडा काढला तर काय होईल? ती म्हणाली, "बाबांनी एकदा काढला होता." पुढची दहा मिनिटं तिचंच व्याख्यान झालं, आणि ती वही-पेनवाली नव्हती.

शून्य सावलीचा दिवसही करायचा होता. पण तो आमच्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा सुट्टी. आणि जुलैच्या अखेरीस येतो, तेव्हा ढग. सूर्यानं जिल्हा परिषदेचं वेळापत्रक बघितलेलं दिसत नाही. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये दर सोमवारी दुपारी साडेबारा ते एक काठीची सावली दर पाच मिनिटांनी मोजली आणि सर्वांत छोटी टिपली. आकडे दर आठवड्याला कमी होत जातात, आणि चौथीचा वर्ग त्याचा स्तंभालेख काढतो. खर्च शून्य.

काय जमलं नाही तेही सांगते. सातवी-आठवीच्या शिक्षकांपर्यंत आम्ही फारसे पोचलो नाही. बीजगणितात पुस्तकाला चिकटून, हाताला लागेल असं काही देणं आम्हाला कमी वेळा सुचलं, आणि त्यांच्यावर शिष्यवृत्ती परीक्षेचं ओझं. चाचण्यांचे गुण वाढले का, असं जिल्ह्यातून विचारलं गेलं. आम्ही उत्तर दिलं की वर्षभरातल्या सहा बैठकांवरून गुणांबद्दल काही बोलणं बरोबर नाही. भाचीनं हे वाक्य अहवालात घातलं तेव्हा कार्यालयातले एक जण नाराज झाले. अहवाल तसाच गेला.

पैशांचा हिशेब चौथ्या मेंबरांनी पै-पैचा ठेवलाय. साहित्य आणि पिशव्यांवर वर्षभरात अठरा-एकोणीस हजार, आमचा प्रवास वेगळा. संस्था नसल्यामुळे देणगी घेता आली नाही, कुणाला पावती देता आली नाही. उलट लेखापरीक्षण, बँक खातं, ठराव यातून सुटलो. चहा-बिस्किटांचा खर्च शिक्षकांनी आम्हाला करू दिला नाही. साहित्याच्या पेट्या शाळांना देताना मुख्याध्यापकांकडून जडवस्तू नोंदवहीत नोंद करून घ्या, नाहीतर बदलीबरोबर पेटीही जाते. कधी कधी ती चांगल्या हातात जाते, पण शाळा रिकामी राहते.

शिक्षकांकडून सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न: राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये वर्षाला पन्नास तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास म्हटलाय, त्यात तुमचे तास धरतात का? आमच्या हातात ते नाही. डाएटला विनंतीपत्र दिलंय. धरले तर येणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि थोडे लोक फक्त तासांसाठी येतील. दोन्हीला आमची तयारी आहे.

जून २०२५ मध्ये केंद्रप्रमुखांनी पहिली परिषद पावसाच्या आधी लावली आणि बियाण्यांचा तास वजाबाकीवाल्या त्या तरुण सरांनीच घेतला. आम्हाला फक्त नाणी पाठवायला सांगितली. आमचं बोलणं आता शेजारच्या एका माध्यमिक शाळेशी चाललंय, नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी. तिथे प्रयोगशाळा आहे, काचेची भांडी आहेत, सूक्ष्मदर्शकही आहे. फुटलं तर भरून कोण देणार म्हणून सगळं कुलूपबंद कपाटात आहे. सध्या आम्ही फूट-तुटीचा वार्षिक खर्च आमच्याकडून देण्याचं पत्र तयार करतोय, म्हणजे कपाट उघडेल.